वरचे अठरा यार्ड

यंत्रवाल्याने विचारलंसुद्धा नाही. खाली वाकला, नखाने टोक उचललं आणि यंत्राच्या पडद्यावरची काळी टेप सर्रकन सोलून काढली. सरळ्याला पहिला राग आला तो त्याचाच. आठ महिने ती टेप तिथे होती. दादाने कात्रीने मापात कापून, कोपरे अंगठ्याने दाबून लावलेली. पडद्यावर सहा आकडे उमटायचे. त्यातले पाच टेपखाली, आणि एकच उघडा: चेंडू हवेतून किती यार्ड गेला, तेवढाच. "बाकीचे आकडे डोकं खातात," दादा म्हणाला होता. "तू या एकाशीच संसार कर." आणि सरळ्याने तो इमानेइतबारे केला होता. आता गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, साडेअकराच्या उन्हात, दोन्ही अंगांना खटाखट चेंडू उडवणारी पोरं उभी असताना, एक परका माणूस त्या संसारात हात घालून बसला होता. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्याला स्पर्धेपुरता पाठवला होता. ओळीने एकेकाचं यंत्र पुसायचं, तपासायचं आणि पुढे सरकायचं, एवढंच त्याचं काम. तो ते मन लावून करत होता हीच तर पंचाईत झाली.

"साहेब, तुम्ही डोंगरावर राहता का?"

"नाही."

"मग उंची दोन हजार मीटर कशी टाकलीय? इथे आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहोत." त्याने बोट पडद्यावर टेकवलं. "वर हवा विरळ असते, चेंडू लांब जातो. या बिचाऱ्याला वाटतंय तुम्ही डोंगरावर उभे आहात. म्हणून ते तुम्हाला वरचे सतरा-अठरा यार्ड देतंय."

"बिघडलं असेल."

"हे बिघडत नाही, साहेब. हे हाताने टाकावं लागतं." मग, सरळ्याने काहीच विचारलं नव्हतं तरी, त्याने आणखी दोन बटणं दाबली. "नोंद आहे बघा. आधी चारशे मीटर. पंधरा दिवसांनी आठशे. मग बाराशे, सोळाशे, दोन हजार. सगळे सोमवार." तो हसला. "कोणीतरी तुम्हाला हळूहळू चढवलंय." त्याने आकडा शून्यावर आणला, पडदा फडक्याने पुसला आणि म्हणाला, "मारा एक." सरळ्याने मारला. फटका बरा बसला, आठ महिन्यांतल्या चांगल्या फटक्यांपैकीच एक. पडद्यावर दोनशे पंचेचाळीस उमटलं. यंत्रवाला म्हणाला, "छान, एकदम सरळ," आणि पुढच्या माणसाकडे गेला.

सरळ्या हे त्याचं दौऱ्यावरचं, म्हणजे वर्षभर गावोगाव चालणाऱ्या स्पर्धांमधलं नाव. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलं ते चिकटलं. डोळे बांधून मारायला लावा, याचा चेंडू मधोमधच पडणार, असं त्याच्याबद्दल बोलायचे, आणि बोलणाऱ्यांना ते कौतुक वाटायचं. पण चेंडू मधोमध पडायचा आणि मागे पडायचा. सरळ्या एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळात अशी पोरं आली होती की त्यांचे हात गुडघ्यापर्यंत पोचायचे आणि चेंडू त्याच्यापेक्षा चाळीस यार्ड पुढे जाऊन त्याची वाट बघत बसायचे. पहिला फटका लांब पडला की दुसरा सोपा होतो. एवढं साधं गणित आहे, आणि सरळ्या ते रोज अठरा वेळा, प्रत्येक होलला म्हणजे भोकाला एकदा, चुकत होता. गेल्या वर्षी प्रकरण हातातच उतरलं. ड्रायव्हर हा पहिल्या फटक्याचा लांब दांड्याचा क्लब. तो पिशवीतून निघाला की त्याच्या डाव्या हाताची बोटं थरथरायची. हातमोज्यात हात असतो म्हणून कुणाला दिसत नसे. दादाला दिसायचं. दादा त्याचा थोरला भाऊ आणि त्याचा कॅडी. पिशवी उचलायची, अंतर मोजायचं, कुठला क्लब घ्यायचा ते सांगायचं, असं एकोणीस वर्षं. जगात नवरा-बायको एकमेकांशी जेवढं बोलत नाहीत तेवढं हे दोघे बोलायचे. फक्त त्यातलं निम्मं बोलणं आकड्यांत असायचं.

आज शुक्रवार. पहिले दोन दिवस सगळे खेळतात, मग रेघ मारतात, रेघेच्या वरचे उरतात, खालचे गाशा गुंडाळतात. मोसमातली ही शेवटची स्पर्धा. यादीतल्या पहिल्या साठांना पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे दौऱ्यावर खेळायचा हक्क, मिळणार होता, आणि सरळ्या अठ्ठावन्नावा होता. रेघेच्या वर राहिला तर कार्ड राहतं. नाहीतर पुन्हा पात्रता फेरी, विशीतल्या पोरांबरोबर, एक्केचाळिसाव्या वर्षी. हे त्याने सकाळपासून मनातल्या मनात इतक्यांदा घोळवलं होतं की त्याचा अर्थच झिजून गेला होता. आता त्या ठिकाणी दुसरंच येऊन बसलं होतं. सगळे सोमवार. सोमवारी दादा म्हणायचा, "थांब जरा, बॅटरी बघतो," आणि पाठ करून यंत्रावर वाकायचा. सरळ्या तेवढ्यात पाणी प्यायचा. किती बाटल्या पाणी प्यायलो आपण, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला एकदम शरमल्यासारखं झालं. जणू त्यालाच कुणी नको त्या अवस्थेत पाहिलं होतं. त्याने गवतावर पडलेली टेप उचलून खिशात टाकली. का ते त्याला सांगता आलं नसतं.

दादा ओला टॉवेल पिळत आला. रोज यायचा तसाच. टोपी मागे सरकवलेली, कानाच्या वर पेन्सिल, मागच्या खिशात वही. "चल रे, वीस मिनिटं उरली. किती दाखवतंय?"

"दोनशे त्रेसष्ट," सरळ्या म्हणाला.

"बघ!" दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला, आणि ते बघणं सरळ्याला सगळ्यात जड गेलं.

पहिल्या चार होलना तो कसा खेळला ते त्याला नंतर आठवेना. पाय चालत होते. दादाच्या खांद्यावर पिशवीतले क्लब एकमेकांवर किणकिणत होते. तो आवाज ऐकत ऐकत तो एकोणीस वर्षं चालला होता, आणि आज तो कानाला खटकत होता. त्याला ते गोदाम आठवत होतं. टायरच्या गोदामाचा रिकामा अर्धा भाग, रबराचा वास, छताला टांगलेली जाळी. चेंडू दहा फुटांवर जाळीत जाऊन पडायचा आणि पुढचं सगळं यंत्र सांगायचं. चेंडू कुठे जातो ते डोळ्यांना दिसत नव्हतंच, म्हणूनच तर यंत्र. पहिल्या दिवशी दोनशे पंचेचाळीस. महिन्याभरात दोनशे बावन्न. दादा म्हणायचा, "कंबर आता सुटतेय," आणि सरळ्याला कंबर सुटल्यासारखी वाटायची. खरोखर वाटायची, हे विसरता येत नव्हतं. पाठीच्या खालच्या मणक्याशी काहीतरी मोकळं व्हायचं आणि तो घरी शीळ घालत जायचा. बायको पाचवीला गणित शिकवते. तिने फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटवला होता. रोज रात्री हात पुसून ती ठिपका द्यायची आणि रेघ पुढे ओढायची. रेघ वर चढत होती. "वर्गात दाखवायला हवी," म्हणायची, "सातत्य म्हणजे काय ते." दोनशे त्रेसष्टच्या ठिपक्याभोवती तिने लाल गोल काढला होता. दादाने त्याला गोदामातल्या गोदामात, एक पाऊल न हलवता, डोंगरावर नेऊन ठेवलं होतं, आणि खाली फ्रिजपाशी उभी राहून ती टाळ्या वाजवत होती.

पण मग मैदानावर? हे त्याला पाचव्या होलवर, पाणी पिताना सुचलं. यंत्र गोदामापुरतं खोटं असेल. मैदानावर जमीन असते, जमीन कशी खोटी बोलेल? त्याने वसंतातल्या स्पर्धा आठवल्या. चारशे पस्तीस यार्डांचं होल, फटका मारला, दादाने चालत जाऊन सांगितलं, दीडशे उरले. म्हणजे दोनशे पंच्याऐंशी गेला. सरळ्या वजाबाकी स्वतः करायचा, मनात, प्रत्येक होलला, आणि ती करताना त्याला पोरीच्या वाढदिवसासारखा आनंद व्हायचा. मग होल चारशे पस्तीस कसं? वहीत चारशे वीस असायचं. वरचे पंधरा दादाच्या तोंडून यायचे. "आज टी मागे नेलीय पंधरा." पहिला फटका जिथून मारायचा ती टी रोज थोडी पुढे-मागे हलवतात, गवताला विश्रांती म्हणून. कायमचं माप जमिनीत पुरलेल्या छोट्या धातूच्या चकतीपासून मोजलेलं असतं. आजच्या दोन रंगीत ठोकळ्यांपासून त्या चकतीपर्यंत पावलं टाकायची आणि वहीत लिहायचं, हे कॅडीचं काम. खेळाडू चकतीकडे बघत नाही. सरळ्याने एकोणीस वर्षांत बघितली नव्हती. मोठ्या दौऱ्यावर फटका मोजायला माणसं असतात. या दौऱ्यावर पाण्याची बाटली वेळेवर मिळाली तरी मिळवली. दुर्बिणीसारखं यंत्र लावून अंतर बघायला स्पर्धेत बंदी. राहता राहिले बरोबरचे खेळाडू. ते अजूनही त्याच्या चाळीस यार्ड पुढेच असायचे, आणि त्याने एकदा तसं म्हटलंही होतं. "अरे, तेही वाढलेत," दादा म्हणाला होता. "पोरं दर वर्षी वाढतात." आणि सरळ्याला ते पटलं होतं. किती सहज पटलं होतं! माणसाला हवं ते पटायला किती थोडं लागतं, आणि दादाला ते थोडं नेमकं किती ते ठाऊक होतं.

आणि काल. कालचं आठवू नये असं त्याने ठरवलं होतं. अठराव्या होलला डावीकडून पाणी आत घुसलेलं आहे. सरळ ओलांडायचं तर हवेतून दोनशे अठ्ठावन्न लागतात. उजवीकडून वळसा घालून जाता येतं, मग दुसरा फटका लांबचा उरतो. काल दादा म्हणाला होता, "तीन नंबरचा वुड घे. उजवीकडून जाऊ." वुड ड्रायव्हरपेक्षा कमी जातो. सरळ्या म्हणाला, "दोनशे त्रेसष्ट जातोय मी. अठ्ठावन्नच तर पाहिजेत." दादाचा हात ड्रायव्हरवर चढवलेल्या कापडी टोपीवर होता. तो तिथे जरा जास्तच वेळ राहिला. आज, आता, सरळ्याला तो हात दिसत होता. बोटांच्या पेरांवरचे पांढरे केस, अंगठ्याचं फुटलेलं नख. एक वाक्य बोलायचं होतं त्या हाताच्या मालकाला. एक. मग त्याने टोपी काढली आणि ड्रायव्हर हातात दिला. चेंडू सरळ गेला, सुंदर गेला, आणि काठाच्या दहा-बारा यार्ड अलीकडे पाण्यात पडला. "वाऱ्याने खाल्ला," दादा म्हणाला. "एकदम उलटा फिरला बघ वारा." सरळ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "जाऊ दे रे, तू काय करणार." हे तो म्हणाला होता! त्याने दादाची समजूत काढली होती! आता चालता चालता त्याला स्वतःचा तो हात झटकून टाकावासा वाटला. त्याने खिशात हात घातला तर टेपचा चिकटा बोटांना लागला.

दहाव्या टीवर तो ठोकळ्यांपाशी न जाता मागे गेला. गवतात बुटाने चाचपली, तेव्हा चकती सापडली, बशीएवढी, गंजलेली. "दादा, टी कुठेय आज?"

दादा वही उघडत होता. त्याचा हात थांबला. "पाच पुढे," तो म्हणाला. सरळ्याने पावलं टाकली. पाच. दादा बघत राहिला. बरोबरचा उंच पोरगा, ज्याला सगळे जिराफ म्हणायचे, क्लब झुलवत लांब उभा होता. त्याला वाटलं असेल सरळ्या बूट झटकतोय.

दोघांनी फटके मारले आणि चालायला लागले. फेअरवेच्या मधोमध, कापलेल्या गवतावर, दोन्ही बाजूंनी रिकामं, लपायला जागा नाही.

"यंत्रवाला आला होता," सरळ्या म्हणाला.

"समजलं ते." थोडं अंतर किणकिण. "सांगणारच होतो. मोसम संपला की."

"काल सांगायचं होतंस. टोपीवर हात होता तुझा."

दादा म्हणाला, "काल सांगितलं असतं तर तू ड्रायव्हर धरूच शकला नसतास. आज तरी."

"आज धरतोय ना?"

"अरे, तुझं तुला आठवत नाही. जेवत नव्हतास तू. हात असा..." दादाने स्वतःचा हात पुढे करून थरथरवून दाखवला आणि लगेच मागे घेतला. "वाढलेला आकडा बघितलास आणि हात थांबला. माझ्या डोळ्यांदेखत थांबला. मग म्हटलं, असू दे. कुणाचं काय जातंय. वसंतात तिसरा आलास की नाही?"

"मी आलो, की तुझा आकडा आला?"

दादाने पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला. सरळ्याला वाटलं होतं की त्याला निरुत्तर करून बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

"हिला माहीत होतं?" त्याने विचारलं. हे विचारायची त्याला भीती वाटत होती आणि म्हणूनच त्याने ते चटकन विचारलं.

"नाही रे. तिला कसं सांगणार? तिला खोटं बोलता येत नाही."

ते दादाने इतक्या सहजपणे म्हटलं, घरातल्या माणसाच्या गुणाबद्दल म्हणावं तसं, की सरळ्याला हसू आलं. म्हणजे लाल गोल खरा होता. ते एकच काय ते खरं.

गंमत अशी की तो चांगला खेळत होता. दहाव्यानंतर ड्रायव्हर त्याने पिशवीतच ठेवला. छोट्या क्लबने, दोनशे पंचेचाळीस जाणाऱ्या माणसाला शोभेल असा, पूर्वीसारखा मधोमध आणि मागे तो खेळत गेला. बारावर एक फटका वाचवला, पंधरावर एक. रागाने डोकं भडकायच्या ऐवजी थंड पडलं होतं. हात स्थिर होता. म्हणजे हात आकड्याशिवायही थांबतो तर! त्याला ते दादाला ओरडून सांगावंसं वाटलं, आणि सांगायचं म्हणजे दादालाच सांगायचं, दुसरं कोण होतं? एकोणीस वर्षांत काही चांगलं झालं की तो आधी डावीकडे बघायचा. आजही मान वळली. दादा क्लब पुसत होता, खाली मान घालून, गरजेपेक्षा जास्त वेळ.

आणि मग तळं. ते कधीतरी येणारच होतं. वडील अशाच एका मैदानावर माळी होते. संध्याकाळी लोक गेले की दोघे भाऊ मागच्या तळ्यापाशी जायचे. टाकून दिलेला एक क्लब, गोळा केलेले चेंडू. दादा सोळाचा, हा दहाचा. दादाचे फटके तळं सहज ओलांडायचे. दादाला लांबी जन्मजात होती, पण पुढे सांध्याच्या दुखण्याने त्याचं मनगट गेलं ते गेलं. याचे चेंडू डुबुक-डुबुक पाण्यात. एके दिवशी उजेड पार गेला होता. चेंडू पायाशी कसाबसा दिसत होता, पलीकडचा काठ नाहीच. याने मारला. दोघे गप्प उभे राहिले. आणि दादा ओरडला, "गेला! गेला रे, पलीकडे गेला!" त्याने याला उचलून गरगर फिरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दादा पलीकडून तो चेंडू घेऊन आला, लाल ठिपक्याचा. अजून तो घरी काचेच्या कपाटात आहे. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या याने ठरवलं होतं की आपण हेच करायचं, आयुष्यभर. वडिलांनी नको म्हटलं तेव्हा, नोकरी सोडली तेव्हा, लग्नात सासऱ्यांनी "म्हणजे नेमकं करता काय?" विचारलं तेव्हा, तो चेंडू आत कुठेतरी पलीकडे जात होता. आता सोळावं आणि सतरावं होल यांच्यामधल्या पायवाटेवर त्याने तो पुन्हा मारला आणि ऐकू लागला. डुबुक झालं होतं का? दादाला आवाज आला होता का? एकतीस वर्षं मागे जाऊन तो काळोखात कान लावून उभा राहिला, आणि ऐकू येत होती ती फक्त पिशवीची किणकिण.

अठराव्यावर पोचला तेव्हा तो बरोबर रेघेवर होता. पार हवा होता, चार फटके. एक जास्त झाला की खाली. जिराफाने सतराव्यावर चेंडू झुडपात घालून सगळ्यांचा वेळ खाल्ला होता, म्हणून पंच गाडी घेऊन बाजूला येऊन थांबला होता, हातात घड्याळ. आता प्रत्येक फटक्याला चाळीस सेकंद. सरळ्याने स्वतःच तीन नंबरचा वुड काढला आणि उजवीकडून, पाण्याला वळसा घालून, मधोमध मारला.

दुसरा फटका. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, समोर, थोडी वर. मागे उतार, आणि त्यामागे पांढऱ्या खुंट्या, म्हणजे मैदानाची हद्द. झेंडा मागच्या बाजूला. पाण्याच्या फवाऱ्याचं झाकण, ज्यावर अंतर कोरलेलं असतं, ते बरंच मागे राहिलं होतं. दादा तिथून पावलं टाकत, ओठ हलवत आला. पिशवी टेकवली. "एकशे अठ्ठ्याहत्तर. वारा नाही. पाच नंबर."

पाच नंबरचं आयर्न सरळ्याचं एकशे अठ्ठ्याहत्तरच जायचं. यात यंत्राचा संबंध नव्हता, हे वीस वर्षांचं होतं. "नक्की?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

पंचाने घड्याळाकडे पाहिलं. सरळ्याने झेंड्याकडे पाहिलं. झेंडा लांब दिसत होता. तो नेहमीच लांब दिसायचा, आणि दादा सांगायचा किती लांब, मग तो तेवढाच दिसायला लागायचा. आज तसं होईना. गेलेलं अंतर दादाने फुगवून सांगितलं होतं, उरलेलं कधीच नाही. उरलेल्यात एक यार्ड खोटा सांगितला असता तर चेंडू भलतीकडे पडले असते, कधीच कळलं असतं. हे सरळ्याला माहीत होतं. त्याची बुद्धी ते अगदी स्पष्ट सांगत होती. पण गेलेलं लांब म्हणून सांगायचं तर उरलेलं जवळ म्हणून सांगणं हेही तेच नव्हे का? पुन्हा मला सोपं करून देतोय. पुन्हा घासाएवढं कापून भरवतोय. त्याने दादाच्या तोंडाकडे पाहिलं, काहीतरी सापडेल म्हणून. कालचंच तोंड होतं. उन्हाने रापलेलं, काळजीचं, प्रेमळ.

"पाच," दादा म्हणाला, आणि क्लब अर्धा वर ओढून धरला.

सरळ्याने चार नंबर काढला. चार म्हणजे बारा यार्ड जास्त.

फटका इतका नितळ बसला की हाताला चेंडू जाणवलाच नाही. चेंडू सरळ झेंड्याच्या दिशेने गेला, झेंड्यावर आला, आणि झेंड्यावरून पुढे गेला. मागच्या उतारावर एक टप्पा, आणि पांढऱ्या खुंट्यांपलीकडे. जिराफ हळूच म्हणाला, "अरेरे." हद्दीबाहेर गेला की एक फटका दंड, आणि त्याच जागेवरून पुन्हा मारायचं. हा या खेळाचा नियम आहे आणि तो कोणी निर्दयपणे केला असेल असं सरळ्याला आजपर्यंत वाटलं नव्हतं. दादाने खिशातून दुसरा चेंडू काढून दिला. त्याने तो त्याच खाचेपाशी टाकला. दादाने पाच नंबर पुढे केला आणि सरळ्याने घेतला.

चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

ग्रीनपर्यंतचं अंतर दोघे चालले. ते किती होतं ते दोघांनाही माहीत होतं. सरळ्याने चेंडू भोकात ढकलला. पाच फटके. एकाने खाली. त्याने जिराफाशी हात मिळवला, पंचाशी मिळवला, फटक्यांच्या नोंदीच्या कार्डावर सही केली, आणि त्याच्या लक्षात आलं की दादाशी हात मिळवायचा राहिला. गेली एकोणीस वर्षं शेवटच्या भोकानंतर तो आधी दादाशी मिळवायचा.

बूट काढायच्या बाकावर दोघे बसले. समोर लोक गाड्यांत पिशव्या भरत होते. सरळ्याने एक बूट काढून मोजा पिळला. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, त्या त्याने दहाव्या होलपासून जमवल्या होत्या, चांगल्या ठेवणीतल्या. पण आता त्यांचा उपयोग नव्हता, कारण आजचा चेंडू दादाने नव्हता घालवला. दादाने आज खरं सांगितलं होतं. आठ महिन्यांत ज्या एका आकड्याची खरी गरज होती तो त्याने खरा सांगितला होता, आणि सरळ्याला तो घेता आला नव्हता. पुढेही येणार नव्हता. घरी जाऊन फ्रिजवरचा कागद काढावा लागेल. ती विचारेल, का काढतोस? त्याला तेही सांगावं लागेल.

"दादा," तो म्हणाला, "तळ्यापलीकडे गेला होता का तो?"

कुठला, असं दादाने विचारलं नाही. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीच्या रेघेच्या वर कपाळ गोरंपान होतं. "गेला होता."

सरळ्या पिळलेला मोजा पुन्हा पिळू लागला.

"खरंच गेला होता रे," दादा म्हणाला. "शप्पथ. काठापासून दोन हातांवर, गवतात होता. मी पहाटे उठून शोधला." त्याचे डोळे भरले होते. "ते तरी..."

सरळ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, कधी नव्हे एवढं नीट. खरं बोलताना दादा असाच दिसायचा. बॅटरी बघतो म्हणतानाही असाच दिसायचा. मग तो खाली वाकला आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागला. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, नखाने सुटेना. दादाने सवयीने हात पुढे केला, आणि सरळ्याने पाय बाकाखाली ओढून घेतला.